कार्ल्याच्या खांबांवरील नावे

नुकताच मुलांसह कार्ल्याची लेणी पाहण्याचा योग आला. लोणावळ्यानजीकचा तो डोंगर चढून, एकवीरा देवीचे दर्शन घेऊन आम्ही चैत्यगृहात प्रवेश केला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खडकात कोरलेले हे दालन १२४ फूट लांब असून, त्याच्या छतास त्या काळच्याच लाकडी कमानी अद्यापि आहेत.

आत ठिकठिकाणी ब्राह्मी अक्षरे दिसली. ती कसली, असे मुलांनी विचारताच आम्ही सांगितले की, ही दात्यांची नावे होत. हे लेणे कोणा एका राजाचे नव्हे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचे यवन, इतकेच काय, दार घडविणारा सामि नावाचा सुतार, या साऱ्यांची नावे येथे आहेत.

हे ऐकून आमचे धाकटे चिरंजीव खाली खिळा शोधू लागले! “बाबा, मग मीही नाव कोरू का?” रागावण्याचे मनात आले, परंतु प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, “बाळ, त्यांनी आधी दान दिले, मग नाव लिहिले. तू काय दिलेस?”

अशा वास्तूंच्या रक्षणार्थ १९०४ व १९५८ साली कायदे झाले. तथापि प्रत्येक खांबापाशी रखवालदार कोठून उभा करावा? ते काम घरच्या वडीलमंडळींचेच होय.

उतरताना चिरंजीवांनी पायऱ्यांवरील खाऊचे कागद आपण होऊन उचलले. नाव न कोरता दिलेले ते दान आम्हांस पुरेसे वाटले.