मराठीचे पदवीधर आणि कायद्याचा अभ्यास

मराठी विषय घेऊन बी.ए. झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाला आपल्याकडे ठरावीक उत्तरे मिळतात : एम.ए., बी.एड. किंवा स्पर्धापरीक्षा. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएल.बी. अभ्यासक्रमाचे नाव त्यांत क्वचितच येते. कायदा हा इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांचा प्रांत आहे, असा समज त्यामागे असतो. हा समज मला अर्धाच खरा वाटतो.

कायद्याचा विद्यार्थी प्रत्यक्षात करतो काय? तो मुख्यतः वाक्ये वाचतो. मराठीतील कोणताही अधिनियम उघडून पाहावा. ‘अधिकारी नोटीस देईल’ आणि ‘अधिकारी नोटीस देऊ शकेल’ अशा धाटणीची वाक्ये त्यात पानोपानी भेटतात. व्याकरणाच्या पुस्तकात ‘देईल’ हा भविष्यकाळ आहे. अधिनियमात मात्र ते सामान्यतः बंधन असते आणि ‘देऊ शकेल’ म्हटले की अधिकाऱ्याला मोकळीक मिळते. (संदर्भ पाहून न्यायालये क्वचित उलट अर्थही लावतात, हा भाग वेगळा.) एखाद्या सवलतीच्या दोन अटी ‘आणि’ने जोडल्या आहेत की ‘किंवा’ने, यावर शेतकऱ्याचा हक्क टिकतो किंवा जातो. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरवावा, हे कायद्याच्या अर्थान्वयनाचे जुने तत्त्व आहे. अर्थविचार शिकताना आपण संदर्भाविषयी जे वाचतो, त्याहून ते फार निराळे नाही.

शब्दसंग्रहाचेही तसेच. फिर्याद, वकील, जामीन, दस्तऐवज हे शब्द फारसी-अरबी परंपरेतून आले. न्यायालय, प्रतिवादी, अधिनियम हे संस्कृतातून घडले. अपील, समन्स इंग्रजीतून. एकाच खटल्याच्या कागदांत मराठीचे हे तिन्ही थर एकत्र नांदतात. १८६० च्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली; तिचे नाव संस्कृत असले तरी तिच्यातील तरतुदीला आपण ‘कलम’च म्हणतो, आणि हा शब्द अरबी आहे. पक्षकाराला यांतला कोणता थर कळतो आणि कोणता कळत नाही, हे ओळखणारा वकील मला अधिक उपयोगी वाटतो.

महाराष्ट्रात १९९८ च्या अधिसूचनेने कनिष्ठ न्यायालयांची भाषा म्हणून मराठीला स्थान मिळाले. तरीही चांगले मराठी लिहिणारे वकील दुर्मिळच वाटतात. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाचे व सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालते, आणि पूर्वनिर्णय वाचल्यावाचून कायदा शिकता येत नाही. इंग्रजी निकालपत्र वाचण्याची तयारी नसेल, तर या वाटेला जाऊ नये.

आपल्या विद्यार्थ्यांना, विशेषतः नोकरी करणाऱ्यांना, खरी अडचण येते ती अन्यत्र. एलएल.बी. दूरशिक्षणाने करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार ७० टक्के उपस्थिती लागते आणि वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ याच वेळेत घ्यावे लागतात. पूर्वीच्या रात्रीच्या वर्गांची सोय त्यामुळे उरली नाही. वकिली हा माणसांसमोर उभे राहून करण्याचा व्यवसाय आहे, म्हणून वर्गाचा आग्रह मी समजू शकतो. पण दिवसभर राबणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला त्याने जवळजवळ दार बंद केले आहे, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

प्रवेशासाठी पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के गुण लागतात. दूरशिक्षणाने मिळवलेली पदवी चालते. मात्र बारावी किंवा तत्सम मूळ पात्रतेशिवाय मुक्त विद्यापीठात थेट प्रवेश घेऊन पदवी मिळवलेल्यांना हेच नियम अपात्र ठरवतात. पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या वाटेने बी.ए.ला आलेल्यांनी म्हणूनच प्रवेश परीक्षेचे शुल्क भरण्याआधी विधी महाविद्यालयात आपली पात्रता लेखी विचारून घ्यावी.