रामाचे गीत आणि भरताचे उत्तर

गेल्या रामनवमीस छत्रपती संभाजीनगरातील एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात ‘गीतरामायणातील सर्वोत्कृष्ट गीत कोणते?’ हा वाद रंगला. निकाल जवळजवळ ठरलेलाच होता. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो, त्या गीताच्या मस्तकी मुकुट चढला आणि मंडळी फराळाकडे वळली. विरुद्ध मत आमचे एकट्याचे पडले. ते हसण्यावारी गेले, म्हणून येथे मांडतो.

त्या गीताची थोरवी आम्ही नाकारीत नाही. माडगूळकरांची सोपी, भरीव शब्दकळा आणि सुधीर फडक्यांची धीरगंभीर चाल यांचा असा मेळ क्वचितच जमतो. आमची तक्रार निराळी आहे. लोकांनी हे गीत त्याच्या जागेवरून उपटले आणि त्याचे सुभाषित करून टाकले. शोकसभेत तेच, तेराव्यासही तेच! आमच्या परिचयाच्या एका घरी कर्ता मुलगा गेला. भेटीस आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, त्या माउलीस हुंदका फुटताच, याच गीताची दोन कडवी म्हणून दाखविली. ती बिचारी पदर तोंडाशी धरून आत निघून गेली. जमलेल्यांस ते सांत्वन वाटले. आम्हांस ती तोंडबंदी वाटली.

आणि मौज अशी की, मूळ काव्यात असे मुळीच घडत नाही. राम बोलतो, भरत ऐकून घेतो. परंतु लगेच पुढल्या गीतात तो पुन्हा आपल्या पोरकेपणाचेच गाऱ्हाणे मांडतो आणि पादुका मागतो. साक्षात रामाने जीविताची नश्वरता सांगितल्यावरही त्या भावाला उराशी धरण्यास काहीतरी हवेच असते. कवीने ही दोन गीते शेजारी ठेवली, ती काय उगीच?

या विपर्यासाचे एक कारण ऐकण्याच्या रीतीत आहे. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ही मालिका सुरू झाली आणि आठवड्यास एक याप्रमाणे छप्पन्न गीते वर्षभर चालली. तेव्हा पात्रांनुसार गळे निराळे होते. माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे अशी मंडळी त्यांत होती. पुढे घरोघर पोहोचल्या त्या फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका. त्या गोड आहेत, यात शंका नाही. पण राम आणि भरत एकाच कंठातून बोलू लागले, की एकाला दुसऱ्याने उत्तर दिले आहे हे कानास कळेनासे होते. मग हवे ते गीत सुटे काढावे व त्यास पहिला क्रमांक द्यावा, याला अडचण उरत नाही. पैठण येथून हाकेच्या अंतरावर. पण नाथांच्या भावार्थ रामायणातील सर्वश्रेष्ठ ओवी कोणती, असा सामना तेथे झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही!

‘मग तुमचे मत कोणास?’ असे त्या दिवशी विचारण्यात आले. आम्ही भरताच्या गीताचे नाव घेतले. त्यावर एका विदुषींनी आक्षेप काढला की, ते आधीच्या गीतावाचून उभे राहत नाही. मान्य! आणि आधीचे तरी त्याच्यावाचून कोठे पुरे होते?

येत्या रामनवमीस मंडळी पुन्हा जमणार आहेत. रामाचे गीत संपताच यंत्र बंद करण्यास कोणी उठू नये, एवढीच यजमानांस आमची आगाऊ विनंती आहे.