चुना आणि मार्चअखेर

महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी अशा बारा मराठाकालीन किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आणि त्यांच्या देखभालीची जबाबदारी जगासमक्ष नव्याने पत्करली गेली. ती कशी पार पडेल हे मात्र तटबंदीच्या गरजेइतकेच सरकारी आर्थिक वर्षावरही अवलंबून आहे.

जुन्या बांधकामातील चुना, म्हणजे चुनखडी भट्टीत भाजून, पाण्यात भिजवून आणि वाळूसह घाण्यात मळून केलेला लगदा, हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत महिनोनमहिने घट्ट होत जातो. भिंत किंचित हलली तर ती हालचाल तो सोसतो आणि आत मुरलेल्या ओलीला बाहेर पडण्याची वाट ठेवतो. सिमेंट काही दिवसांतच टणक होते, पण ओल कोंडते. अशा सिमेंटने दरजा, म्हणजे दगडांमधील सांधे, भरल्या की कोंडलेली ओल शेजारच्या मऊ जांभ्यातून किंवा विटेतून बाहेर पडू पाहते, तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाखाली साचतात आणि पापुद्रे सुटू लागतात. अखेरीस दरजा शाबूत राहतात व दगड झिजतो. दुरुस्ती टिकली, एवढे समाधान मात्र कागदोपत्री नोंदवता येते.

हे ज्ञान नवे नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तत्कालीन महासंचालक जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये सिद्ध केलेल्या संवर्धन-पुस्तिकेतच नव्याने घडवण्यापेक्षा मूळचे जपण्यावर भर आहे. अडचण अशी की निधी उशिरा येतो, निविदा त्याहून उशिरा निघते, पावसाळा कोणासाठी थांबत नाही आणि देयके मार्चअखेर सादर व्हावी लागतात. या वेळापत्रकात बसणारा माल कोणता, हे सांगण्यास वास्तुतज्ज्ञ लागत नाही.

तटाच्या फटीत रुजलेले पिंपळाचे रोप कोवळे असताना मजूर हाताने उपटू शकतो, परंतु त्या कामाला ना कोनशिला लागते ना उद्घाटक; त्याच रोपाच्या मुळांनी बुरूज फोडला की दोन्हींची सोय होते. म्हणूनच अनेक वर्षांसाठी राखून ठेवलेला, मार्चअखेर परत न जाणारा देखभाल-निधी आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांची कायम नेमणूक, या दोन नीरस तरतुदी आधी व्हाव्यात. समारंभांची तरतूद आपोआप होतच असते.