दुसऱ्याच्या पहाऱ्यावर झोप लागली पाहिजे

रिटायरमेंट जवळ आलेल्या फौजी मित्रांना मी हल्ली एक सल्ला देतो आणि बहुतेक जण आधी हसतात. घर, सेकंड करिअर, मुलांची लग्नं हे सगळं बघाच. पण जमलं तर अमेरिकेतल्या ‘ग्रेट लूप’ नावाच्या जलप्रवासाबद्दलही वाचा. बोट विकत घ्या असं मी म्हणत नाही. नोकरीमुळे वर्षानुवर्षं वेगळं राहिलेल्या नवरा-बायकोनं पुढं एका छपराखाली कसं राहावं, ह्याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही, म्हणून हा सल्ला.

आधी प्रवास काय आहे ते सांगतो. अमेरिकेच्या पूर्व भागाला आणि कॅनडाच्या थोड्या भागाला पाण्यावरून पूर्ण वळसा घालता येतो. वसंतात फ्लोरिडातून निघायचं, अटलांटिकच्या किनाऱ्यालगतच्या इंट्राकोस्टल वॉटरवेनं उत्तरेला जायचं, चेसापीकचा उपसागर पार करून न्यूयॉर्क गाठायचं. तिथून हडसन नदी, ईरी कालवा, लेक ओंटारिओ, कॅनडातला ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग, जॉर्जियन बे, लेक ह्युरॉन, लेक मिशिगन आणि शिकागो. शिकागोहून दक्षिणेला वळायचं: इलिनॉय नदी, मिसिसिपी, ओहायोचा छोटा टप्पा, टेनेसी नदी, टेनेसी-टॉम्बिग्बी जलमार्ग, मोबाईल शहर आणि शेवटी मेक्सिकोचं आखात ओलांडून परत फ्लोरिडा.

अंतर साधारण ६,००० मैल, म्हणजे साडेनऊ हजार किलोमीटरच्या आसपास. मार्ग निवडाल त्याप्रमाणे शंभरच्या वर लॉक लागू शकतात. बहुतेक लोक ह्याला एक वर्ष घेतात, कारण ऋतू सांभाळून चालावं लागतं. ईरी कालवा हिवाळ्यात बंद असतो, लेक मिशिगनचं हवामान सप्टेंबरनंतर बिघडत जातं आणि आखाताच्या बाजूला १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. जाणाऱ्यांत रिटायर झालेली जोडपी पुष्कळ. प्रवासात असलेल्या बोटीवर पांढरा झेंडा, फेरी पूर्ण झाली की सोनेरी. झेंड्याशिवाय फौजीचं मन रमत नाही, तेव्हा ही गोष्ट मला लगेच आवडली.

शिडाच्या बोटीनं जाणाऱ्यांची मेहनत आणखी वेगळी. शिकागोजवळच्या कालव्यावर एक पक्का पूल आहे, पाण्यापासून १९.६ फुटांवर. त्याला वळसा घालायला दुसरा रस्ता नाही. ईरी कालव्यावरही पूल ठेंगणेच. म्हणून हडसन नदीवर क्रेन लावून डोलकाठी उतरवायची, ती डेकवर आडवी बांधायची आणि कालव्यातून इंजिनावर जायचं. मोठ्या तळ्यांवर पोचलं की डोलकाठी उभी करायची, शिकागोला पुन्हा उतरवायची आणि मोबाईलला पुन्हा उभी करायची. शीड आहे म्हणून ते रोज वापरायला मिळतं असं नाही. पाणी आणि पूल जे करू देतील ते करायचं. सैन्यात ह्याला ‘ग्राउंडप्रमाणे टॅक्टिक्स’ म्हणतात.

मी स्वतः इंजिनिअर्सचा माणूस, त्यामुळे लॉकबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. लॉक म्हणजे बोटीसाठी पाण्याची लिफ्ट. बोट एका हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, हौदात पाणी भरतं किंवा उतरतं आणि पुढचा दरवाजा उघडतो. ईरी कालवा १८२५ साली खुला झाला, तेव्हा तो ३६३ मैलांचा होता. आज त्याच्या पूर्व टोकाला वॉटरफर्ड इथं एकामागून एक पाच लॉक आहेत, जे बोटीला जवळजवळ १७० फूट वर चढवतात. कॅनडातल्या पीटरबरो इथं १९०४ पासून एक लिफ्ट-लॉक चालू आहे. त्यात पाण्यानं भरलेले दोन प्रचंड हौद तराजूच्या पारड्यांसारखे वरखाली होतात आणि बोट ६५ फूट उचलली जाते. इलिनॉय, मिसिसिपी आणि टेनेसीवरचे लॉक तर अमेरिकन लष्कराची कोअर ऑफ इंजिनिअर्स चालवते. १९८५ साली खुला झालेला टेनेसी-टॉम्बिग्बी जलमार्गही त्यांनीच बांधला. सॅपरनं बांधलेल्या वाटेवरून म्हातारी जोडपी सुखानं जातात, ह्याचा आनंद आपल्या खडकीच्या सॅपरलाही व्हायला हरकत नाही.

आता मुद्द्यावर येतो. लॉकमध्ये दोन माणसांना काम असतं. एकानं सुकाणू आणि इंजिन सांभाळायचं, दुसऱ्यानं भिंतीवरच्या खुंट्याला दोर घालून बोट भिंतीलगत धरून ठेवायची. इथला पहिला नियम असा की दोर हातात धरायचा, बोटीला पक्का बांधून टाकायचा नाही. पाणी खाली जाऊ लागलं आणि दोर बांधलेला असला तर बोट भिंतीला लटकते. पाणी उतरेल तसा दोर सोडत जायचा, चढेल तसा ओढून घ्यायचा.

बहुतेक बोटींवर सुकाणूवर नवरा आणि दोरावर बायको, अशी वाटणी आपोआप होते. अनुभवी लोक मात्र नव्यांना एकच गोष्ट बजावतात: निघण्याआधी जागा बदलून बघा. बाईला बोट धक्क्याला लावता आली पाहिजे, रेडिओवर लॉकवाल्याशी बोलता आलं पाहिजे, इंजिन बंद पडलं तर काय बघायचं ते ठाऊक पाहिजे. कारण उघड आहे. बोटीवर माणसं दोनच. ज्याला सगळं येतं तोच पाण्यात पडला किंवा त्याच्याच छातीत कळ आली, तर त्याला वाचवायचं कोणी?

‘तळ्यांचं पाणी ते, त्यात काय एवढं?’ असं वाटत असेल तर आकार लक्षात घ्या. एकट्या लेक मिशिगनमध्ये आपले तीन पुणे जिल्हे मावून जागा उरेल. त्याच्या शेजारच्या लेक सुपीरिअरमध्ये १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे मालवाहू जहाज वादळात बुडालं आणि २९ खलाशी गेले. लूपचा मार्ग सुपीरिअरमधून जात नाही, पण गोडं पाणी म्हणजे गरीब पाणी नव्हे, हे सांगायला तेवढं उदाहरण पुरे.

शेवटी येतो आखाताचा टप्पा. काराबेलहून टार्पन स्प्रिंग्सला थेट जायचं तर दीडशे मैलांहून जास्त मोकळं पाणी आहे. शिडाची बोट ताशी सहा-सात मैलांनी चालते. म्हणजे एक रात्र पाण्यावर काढणं आलंच. एक जागा राहतो, दुसरा झोपतो. मग पाळी बदलते. माझ्या मते अख्ख्या प्रवासाची परीक्षा इथं आहे. जोडीदार सुकाणूवर असताना तुम्हाला खाली जाऊन गाढ झोप लागते का? की तुम्ही दर दहा मिनिटांनी डोकं वर काढून विचारता, “सगळं ठीक आहे ना? मी येऊ का?” असं विचारणारा माणूस स्वतः झोपत नाही आणि दुसऱ्याला काम करू देत नाही. पहाटेपर्यंत बोटीवर दमलेली माणसं दोन आणि धड पहारा एकाचाही नाही.

फौजीला हे समजावून सांगायला नको. पोस्टवर आपण संत्र्याच्या भरवशावर झोपलो आहोत. पुराच्या ड्युटीवर बोट घेऊन जाताना ओबीएम एकट्या ऑपरेटरला येऊन चालत नाही, हे आपल्याला शिकवलेलं आहे. तोफेच्या डिटॅचमेंटमध्ये प्रत्येक नंबरला शेजारच्या नंबरचं काम यावं लागतं. आपल्या नौदलाचं ताजं उदाहरण घ्या. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. ह्या दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून ‘तारिणी’वर निघाल्या आणि २९ मे २०२५ ला पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परतल्या. दोघीच, जवळजवळ आठ महिने. एक जागी असताना दुसरी निर्धास्त झोपू शकत नसती तर हा प्रवास पहिल्या महिन्यातच संपला असता.

मग घरी काय होतं? आपण फील्डला होतो तेव्हा पहारा कोणी दिला? मुलांच्या ॲडमिशन, आई-वडिलांची दुखणी, गळकं छप्पर, गॅस, बँक, शेजाऱ्यांशी भांडण आणि समेट, हे सगळं सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमधल्या किंवा गावाकडच्या एका बाईनं निभावलं. उंचावरच्या पोस्टवर आपल्याला झोप लागली, ती पुढच्या संत्र्यामुळे लागली तेवढीच घरच्या पहाऱ्यामुळेही लागली. आणि हाच गडी रिटायर होऊन घरी येतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात डबे कुठल्या फळीवर असावेत इथपासून हुकूम सुरू करतो. वीस वर्षं सुकाणू ज्या हातात होतं तो हात बाजूला सारतो. बाई बोलत नाही, पण लॉकमध्ये पाणी उतरत असताना दोर पक्का बांधल्यासारखं घर लटकू लागतं.

दुसरी बाजू ह्याहून धोक्याची आहे. काही कामं आपण आयुष्यभर एकट्याच्या डोक्यात ठेवतो. पीपीओ कुठल्या फाईलमध्ये आहे, स्पर्शचा लॉगिन काय, हयातीचा दाखला कधी द्यायचा, ईसीएचएसचं कार्ड कुठं दाखवायचं, विमा कोणता, कर्ज किती. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे अनेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. नवरा अचानक गेला की दुःखाच्या तेराव्या दिवशी ती माउली पिशवीभर कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात उभी असते आणि त्यातला कुठला कागद कामाचा हे तिला ठाऊक नसतं. एकच तांडेल असलेली बोट ती हीच.

ह्यावर आक्षेप येतो, आणि तो आपल्याच लोकांकडून येतो: “साहेब, एका बोटीला कप्तान एकच पाहिजे. दोन कमांडर झाले की पलटण बुडाली.” अगदी मान्य. पण त्या बोटीवरही एका वेळी हुकूम एकाचाच चालतो, फक्त तो पाळीनं बदलतो. ज्याची पाळी त्याचा हुकूम, आणि पाळी बदलताना वारा कुठून आहे, कुठला बार्ज समोरून येतोय, इंजिनाचं तापमान किती, हे सगळं सांगून मगच सुकाणू सोडायचं. आपल्याकडे ह्यालाच हँडिंग-टेकिंग म्हणतात. एका कंपनीच्या स्टोअरमधल्या फावड्यांचा चार्ज आपण मोजून, सही करून घेतो. घराचा चार्ज मात्र न मोजता, न विचारता, ‘आता मी आलोय’ एवढ्या एका वाक्यावर घेतो.

दुसरा आक्षेप पैशांचा. वर्षभर बोटीवर हिंडणं आपल्या पेन्शनचं काम नाही, आणि सगळ्या बायकांना पाण्याची हौस असते असंही नाही. खरंच आहे. एकट्याचीच हौस असेल तर बोटीपासून लांब राहिलेलं बरं. पण हा धडा घ्यायला बोट लागत नाही. रिटायरमेंटच्या आधीच्या वर्षात दोन काम करा. पहिलं, बायकोकडून घराचं रीतसर टेकिंग-ओव्हर करा. महिनाभर नुसतं बघा, विचारा, लिहून घ्या. बदल एकही सुचवू नका. दुसरं, तुमच्या डोक्यातल्या सगळ्या कागदांचं तिला हँडिंग-ओव्हर करा. समोर बसून लॉगिन तिच्या हातानं करवून घ्या. रेकॉर्डमधलं नाव, जन्मतारीख, जॉइंट अकाउंट आत्ताच तपासा. युनिटच्या क्लार्कचा हात अजून हाताशी आहे तोवर ही दुरुस्ती सोपी असते. मग एक महिना जागा बदला. बँक, वीजबिल, दवाखान्याची अपॉइंटमेंट तिच्याकडे. स्वयंपाक, दूध, नातेवाइकांचे फोन तुमच्याकडे. ती काम करत असताना दर दहा मिनिटांनी डोकं वर काढायचं नाही.

वीरपत्नी आणि वीरमातांसाठी आपण सभा घेतो, शाली देतो, भाषणं करतो. ते चालू राहू दे. पण जिवंतपणी आपल्या बायकोला बोट पूर्ण चालवता येईल इतकं शिकवणं, आणि तिला जे आधीच येतं त्याबद्दल तिला मान देणं, हा सन्मान शालीपेक्षा मोठा आहे आणि त्याला खर्च काहीच नाही. नोकरीत आपण अनोळखी जवानाच्या पहाऱ्यावर डोळे मिटले. आता घरच्या पहाऱ्यावरही मिटायला शिकू या.

जय हिंद.