फिरत्या घराची बॅटरी : स्वस्त कोणती?

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेले वाहन ही आता केवळ परदेशी चित्रपटात पाहावयाची वस्तू राहिलेली नाही. अशा वाहनातील दिवे, पंखा आणि शीतकपाट ज्या बॅटरीवर चालतात, ती पुष्कळदा पलंगाखालीच बसविलेली असते व त्या पलंगावर कुटुंब झोपते. तिची निवड ही म्हणूनच केवळ हौशी प्रवाशांची बाब नव्हे.

लिथियमचे भाव उतरले आहेत, हे खरे. ब्लूमबर्ग-एनईएफच्या पाहणीनुसार बॅटरीसंचाची जागतिक सरासरी किंमत २०२३ मध्ये दर किलोवॉट-तासाला १३९ डॉलर होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलर झाली. परंतु किंमत आणि खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून, तिचे आयुष्य राखावयाचे तर, निम्मीच वीज काढता येते. ती पाचशे वेळा भरली-रिकामी केली असे धरले, तर आयुष्यभरात सुमारे तीनशे युनिटे मिळतात. त्याच मापाची लिथियम लोह-फॉस्फेट बॅटरी दर वेळी एक युनिट देते. अडीच हजार आवर्तने धरली तर अडीच हजार युनिटे होतात. तिप्पट किंमत मोजूनही ती स्वस्तच पडते. मात्र हा हिशेब वाहन रोज भाड्याने देणाऱ्याचा झाला. वर्षाकाठी दहा दिवस बाहेर पडणाऱ्याची ही आवर्तने कधीच पुरी होणार नाहीत; त्याने शिश्यावर समाधान मानले, तर त्याला मागासलेला म्हणण्याचे कारण नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून अवघड आहे. निकेल-कोबाल्टयुक्त घटांच्या तुलनेत लोह-फॉस्फेटचा घट अधिक उष्णता सोसतो, पण तो अग्निरोधक नव्हे. अतिभारण, अतिउष्णता यांपासून त्याला वाचविणारे नियंत्रक मंडल पेटीच्या आत असते आणि पेटी सीलबंद असते. घट नवे की जुने, मंडल खरोखर काम करते की नाही, हे विक्रेत्याला माहीत असते, ग्राहकाला नसते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी दाखविले ते हेच : पारख करता येत नाही तेथे खराब माल चांगल्याला हुसकावून लावतो. वर्गात आम्ही आजवर मोटारींचेच उदाहरण देत आलो. आता बॅटरीचेही देता येईल.

२०२२ मध्ये विजेवरील स्कूटरींना आगी लागल्यानंतर केंद्र सरकारने एआयएस-१५६ हे मानक कडक केले. परंतु ही मानके वाहनाला गती देणाऱ्या बॅटरीसाठी आहेत. दिवे-पंखे चालविणारी बॅटरी त्यांच्या व्याख्येबाहेर राहते. जाहिरातीत झळकणारे यूएन ३८.३ हे प्रमाणपत्र तर वाहतुकीतील सुरक्षिततेपुरते आहे. दहा वर्षांच्या वापराची हमी ते देत नाही.

चाकांच्या बॅटरीला जी कसोटी, तीच पलंगाखालच्या बॅटरीला लावण्यास शासनाला फारसा खर्च येणार नाही. तोवर ग्राहकाने घटांचा निर्माता, निर्मितीचे वर्ष आणि आयईसी ६२६१९ चा चाचणी-अहवाल लेखी मागावा. टाळाटाळ झाली तर दुकान बदलावे.