गळ्यातली गाठ : आधी सुई, मग सुरी

मंगळसूत्र सरळ करताना बोटाला काहीतरी गोल लागते. आरशात पाहावे तर घोट गिळताना ते वर-खाली सरकते. दुखत नाही, खुपत नाही. मग ती भगिनी काय करते? पदर नीट घेते आणि गप्प राहते. पुढे गणेशचतुर्थीला घर पाहुण्यांनी भरते, एखाद्या मावशीच्या नजरेला ती गाठ पडते, आणि आरती संपायच्या आत साऱ्या कुटुंबात एकच शब्द फिरतो : कॅन्सर! आमच्या मॉरिशसच्या मराठी घरांतून हे आम्ही इतक्यांदा पाहिले आहे की त्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

थायरॉईडची गाठ ही मुळात दुर्मीळ वस्तू नव्हे. हाताला लागेल अशी गाठ शंभर प्रौढांतून सुमारे पाच जणांना असते. सोनोग्राफीने शोधली तर कितीतरी अधिक जणांत सापडते, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. त्यांतल्या बहुसंख्य, शंभरांतल्या पंच्याऐंशीहून अधिक, निरुपद्रवी असतात. उरलेल्या कोणत्या, हे गळा न कापता ओळखायचे कसे, एवढाच खरा प्रश्न.

त्याचे उत्तर एक बारीक सुई आहे. नेहमी रक्त काढायला वापरतात तिच्याहूनही बहुधा बारीक. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत डॉक्टर ती गाठीत घालतात, थोड्या पेशी ओढतात आणि काचेच्या पट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला देतात. काम काही मिनिटांचे. भूल देऊन निजवावे लागत नाही. स्वीडनमधील डॉक्टरांनी 1950 नंतरच्या काळात ही रीत रुजवली. ती सर्वत्र पसरल्यावर थायरॉईडच्या अनावश्यक शस्त्रक्रिया पुष्कळ कमी झाल्या.

तरीही आमच्यांत एक समजूत घट्ट बसली आहे : सुई टोचली की कॅन्सर भडकतो. थायरॉईडच्या बाबतीत सुईच्या वाटेने रोग पसरल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. गंमत अशी की सुईला भिणारी माणसे सुरीला मात्र तयार होतात! "एकदाची काढूनच टाका, डॉक्टर." पण त्या ग्रंथीला खेटूनच आवाजाची नस जाते, मागे कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार इवल्या ग्रंथी असतात, आणि सगळी थायरॉईड काढली तर जन्मभर रोज गोळी घ्यावी लागते. निरुपद्रवी गाठीसाठी हा सौदा आम्हांस महाग वाटतो.

सुईने सगळेच कळते असे मात्र नाही, आणि हे रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. सुईच्या अगोदर रक्ताची टी.एस.एच. तपासणी व्हावी. ती कमी आली तर किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन करतात. जास्त काम करणारी, म्हणजे 'गरम' गाठ क्वचितच कॅन्सरची असते आणि तिला सहसा सुईची गरज पडत नाही. एक सेंटिमीटरहून लहान गाठींनाही बहुधा सुई लावत नाहीत. सुईचा अहवाल आज बेथेस्डा पद्धतीने सहा वर्गांत देतात. दुसरा वर्ग म्हणजे सौम्य. त्यात कॅन्सर निघण्याचा धोका 2023च्या आवृत्तीप्रमाणे शंभरात सुमारे चार. सहावा म्हणजे जवळजवळ निश्चित कॅन्सर. पहिल्यात पेशीच पुरेशा मिळालेल्या नसतात, तेव्हा सुई पुन्हा घ्यावी. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. खरी अडचण तिसऱ्या-चौथ्या वर्गाची. काही गाठींत रोग आहे की नाही हे पेशी गाठीचे कवच फोडून बाहेर पडल्या आहेत का यावरून ठरते, आणि सुट्या पेशींकडे पाहून कवच कसे दिसणार? अशा वेळी पेशींतील जनुकांच्या चाचण्या उपयोगी पडतात. त्या महाग आहेत, प्रत्येकाला लागतही नाहीत. पुन्हा सुई, पुन्हा सोनोग्राफी, काही महिने लक्ष ठेवणे, किंवा ग्रंथीचा अर्धाच भाग काढणे, हेही मार्ग आहेत.

हे वाचून उद्या सकाळी धडधाकट माणसांनी गळ्याच्या सोनोग्राफीसाठी रांग लावू नये. दक्षिण कोरियात तसे झाले. 1999 नंतर तिथे तपासण्यांची लाट आली; 2011 साली थायरॉईडच्या कॅन्सरचे निदान 1993च्या पंधरापट झाले, मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. हजारो गळे कापले गेले, तेही ज्यांनी कधी त्रास दिला नसता अशा बारीक गाठींसाठी. गाठ हाताला लागली, आवाज बसला, गिळायला त्रास होऊ लागला, घरात कुणाला हा रोग झाला असेल, तर मात्र एक दिवसही लपवू नये.

डॉक्टरमंडळींकडेही आमचे एक मागणे आहे. इंग्रजीतला अहवाल आजीच्या हातात ठेवून "सा वा, पा ग्राव" म्हणणे पुरे नाही. वर्ग कितवा, पुढची तपासणी कधी, हे तिला क्रिओलमध्ये सांगा, आणि घरच्यांनी ते कागदावर लिहून घ्यावे.

आणि उपचारासाठी मुंबईला किंवा चेन्नईला जायचे ठरलेच, तर नुसता अहवाल नेऊ नका. त्या काचेच्या पट्ट्याही मागून घ्या. तिथला तज्ज्ञ त्याच पेशी पुन्हा पाहू शकतो. कित्येकदा नव्याने सुई टोचावीही लागत नाही.