चिडलेल्या चाहत्यांना हिशेब हवाय

हरणाऱ्या टीमचा चाहता हा आपल्याकडे चेष्टेचा विषय. त्यातून ती टीम फुटबॉलची असली तर विचारायलाच नको. क्रिकेटमध्ये भारत हरला की अख्खी गल्ली हळहळते, चहाच्या टपरीवर चार दिवस तेच दळण चालतं. पण भारताच्या फुटबॉल टीमपायी कुणी रात्री जेवला नाही असं सांगून बघा. लोक हसतात आणि वर विचारतात, ‘ते जिंकले कधी होते?’

माझा धाकटा त्यातलाच. नाशिकला कॉलेजात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री त्याचा फोन आला तेव्हा आवाज असा होता की माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, काय झालं बाबा? तर मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ ने हरवलं होतं. चौदाव्या मिनिटाला छांगटेने गोल करून आपल्याला पुढे नेलं होतं. नंतर त्यांच्या एकाच खेळाडूने दोन गोल मारले आणि २०२७ च्या आशिया कपमध्ये जायची आपली वाट बंद झाली. आपल्याच देशात, आपल्याच माणसांसमोर.

मला यातलं फारसं कळत नाही, पण आकडे कळतात. सिंगापूरची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. आपला एकटा नाशिक जिल्हा २०११ च्या जनगणनेत एकसष्ट लाखांचा होता. म्हणजे येवला, मालेगाव, निफाड, बागलाण सगळं धरून आपण जेवढे, तेवढ्यांचा देश एकशे चाळीस कोटींना भारी पडला. पुढच्याच महिन्यात ढाक्याला बांगलादेशाने आपल्याला १-० ने हरवलं. बावीस वर्षांनी त्यांनी आपल्यावर विजय मिळवला, ते का नाचणार नाहीत? त्याआधीचं २०२४ हे सबंध वर्ष तर कोरडंच गेलं होतं. अकरा सामने, विजय शून्य.

आता ‘जिंकले कधी होते’ याचं उत्तरही देऊन टाकते. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत भारताला फुटबॉलचं सुवर्णपदक मिळालं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. त्या काळातले प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर ‘मैदान’ नावाचा सिनेमाही २०२४ मध्ये येऊन गेला. म्हणजे चाहत्यांचा राग हवेतला नाही. घरात एकेकाळी भरलेली कणगी पाहिलेल्या माणसाचा तो राग आहे.

तरुण पोरांचं पहिलं म्हणणं असतं, ‘खेळाडू जीव तोडून पळतच नाहीत.’ आई म्हणून मला यावर जरा बोलायचंय. दोष आधी पायांना द्यायचा की घर चालवणाऱ्यांना? २०१८ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारत चिनी तैपेईशी खेळला. पाच गोलांनी जिंकला, आणि बघायला माणसं होती अडीच हजारांच्या घरात. तेव्हा कर्णधार सुनील छेत्रीने हात जोडून एक व्हिडिओ केला. आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, असं त्याचं म्हणणं होतं. लोकांनी मान ठेवला. दोनच दिवसांनी केनियाविरुद्धच्या सामन्याला मैदान भरून गेलं.

चाहत्यांनी आपलं काम केलं. मग पुढची जबाबदारी कुणाची होती? तोच छेत्री जून २०२४ मध्ये कोलकात्याला निरोप घेऊन गेला आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, पुन्हा बोलावला गेला. गोल करायला दुसरं कुणी तयारच केलेलं नव्हतं! सासूबाई थकून खाटेवर टेकल्या आणि घरात कुणाला पोळ्या येत नाहीत म्हणून त्यांनाच पुन्हा चुलीशी बसवलं, तसला हा प्रकार. त्या माऊलीचं कौतुक करावं, पण बाकीच्या घराला लाज वाटायला हवी की नको?

प्रशिक्षकांचं तर बघूच नका. इगोर श्तिमाच यांना पाच वर्षांनी जून २०२४ मध्ये काढलं. त्यांच्या जागी मानोलो मार्केझ आले, तेही एफसी गोवा या क्लबची टीम सांभाळता सांभाळता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे दोन घरचा स्वयंपाकी होता आणि उपाशी राहिली देशाची टीम. त्यांच्या हाताखाली आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. मुंबईत वर्षानुवर्षं क्लब सांभाळलेला हा माणूस, त्याने २०१७ मध्ये मिझोरामच्या छोट्याशा ऐझॉलला देशाचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. भला माणूस. पण त्याच्या हातात टीम दिली कधी? देशातली मोठी लीगच थांबली होती तेव्हा.

ही लीगची गोष्ट मी धाकट्याकडून तीन वेळा समजून घेतली, कारण पहिल्यांदा खरंच वाटेना. इंडियन सुपर लीग चालवण्याबाबतचा करार डिसेंबर २०१० मध्ये झाला होता, पंधरा वर्षांसाठी. म्हणजे तो ८ डिसेंबर २०२५ ला संपणार, हे पंधरा वर्षं आधीपासून ठाऊक होतं. लग्नाची तारीख पंधरा वर्षं आधी ठरलेली, आणि हळदीच्या दिवशी मांडववाला शोधायला निघाले! जुलै २०२५ मध्ये लीग थांबवली. महासंघाच्या घटनेचा खटला सुप्रीम कोर्टात चालू होता, त्यामुळे हात बांधलेले होते, असं म्हणतात. असतील. पण तो खटला काय आभाळातून पडला होता? काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले, सराव बंद केला. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणारी लीग २०२६ च्या फेब्रुवारीत, तीही छाटून सुरू झाली. महिनोन् महिने सामना नाही, पगाराचा पत्ता नाही, आणि मग टीव्हीसमोर बसून आपण म्हणतो, पोरं पळत का नाहीत.

आमच्या बागलाणातल्या बायांना हे वेगळं समजवावं लागत नाही. कांदा पिकवायचा आपण, रात्री वीज येईल तेव्हा पाणी भरायचं आपण, आणि भाव पडला की ‘शेतकऱ्याला नियोजन नाही’ हे ऐकायचंही आपणच.

कारभाराचा सगळ्यात कडू घोट मुलींनी गिळलाय, आणि त्याबद्दल ओरडायला त्यांच्यामागे गर्दीही नव्हती. म्हणून तर आज या पानावर फुटबॉल आणलाय.

महासंघाच्या अध्यक्षांची मुदत २०२० च्या डिसेंबरात संपली, तरी निवडणूक झालीच नाही. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रशासक नेमले. बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफाने ऑगस्टच्या मध्यात भारतावर बंदी घातली. ती अकराव्या-बाराव्या दिवशी उठलीसुद्धा. मोठ्यांच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट. पण नेमक्या त्याच दिवसांत केरळच्या गोकुलम क्लबच्या मुली आशियातल्या महिला क्लबांच्या स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचल्या होत्या. ताश्कंदला उतरल्यावर त्यांना कळलं, तुम्हाला खेळता येणार नाही. देशाच्या विजेत्या मुली! बॅगा भरून, आईबापांचा आशीर्वाद घेऊन गेलेल्या, न खेळता परत आल्या. त्यांच्या पायांत काय कमी होतं? नंतर २ सप्टेंबरला निवडणूक झाली. माजी कर्णधार बायचुंग भुतिया उभे होते, त्यांना चौतीसपैकी एक मत पडलं.

त्याच वर्षाच्या जानेवारीत नवी मुंबईत महिलांचा आशिया कप होता. इराणशी पहिला सामना बरोबरीत सुटला आणि दुसऱ्याच्या आधी कोविडने इतक्या खेळाडू आजारी पडल्या की मैदानात उतरायला तेरा जणीही उरल्या नाहीत. घरच्याच स्पर्धेतून आपण बाद. ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप आपल्याकडे भरवला. भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-० हरल्या. ज्यांना वर्षभरात धड सामने खेळायला मिळत नाहीत, त्या कोवळ्या पोरींना एकदम जगासमोर उभं केलं. मग त्या रडल्या की आपण म्हणायचं, आपल्या मुलींत दमच नाही.

बरं, हे आजचंही नाही. १९८० च्या आसपास आपल्या बायका आशियात दोनदा उपविजेत्या ठरल्या होत्या. आणि २००९ मध्ये भारताच्या महिला संघाचं नाव जागतिक क्रमवारीतून काढावं लागलं, कारण दीड वर्षाहून जास्त काळ त्यांचा एकही सामना झाला नव्हता. हरल्या म्हणून नव्हे, खेळवलंच नाही म्हणून.

आणखी एक सांगते, मन घट्ट करून वाचा. मार्च २०२४ मध्ये गोव्यात महिलांच्या लीगच्या वेळी दोन खेळाडूंनी तक्रार केली की महासंघाच्याच एका पदाधिकाऱ्याने खोलीत शिरून मारहाण केली. त्याला अटक झाली, निलंबनही झालं. खटल्याचं काय ते कोर्ट बघेल. पण आपली लेक खेळायला परगावी पाठवताना आई आधी मैदान बघत नाही, तिथे जबाबदार कोण आहे ते बघते.

अशा घरातून निघून याच मुलींनी काय केलं बघा. जुलै २०२५ मध्ये थायलंडमध्ये, चियांग माई इथे, त्यांनी यजमान थायलंडला २-१ ने हरवलं. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. चार सामन्यांत चोवीस गोल करून, मार्च २०२६ मधल्या ऑस्ट्रेलियातल्या आशिया कपची जागा त्यांनी पात्रता फेरी खेळून मिळवली. भारताच्या महिला संघाला असं पहिल्यांदाच जमलं. धाकट्याला मी विचारलं, या सामन्याला रात्रभर जागला होतास का रे? तो गप्प. चिडणाऱ्या चाहत्यांना माझा हा एवढाच टोमणा आहे. राग करायचा तर पुरा करा, अर्ध्या टीमसाठी नको.

बचत गटाच्या कामात मी एक गोष्ट वारंवार बघते. एका गावातला गट होता, नाव नको. दर महिन्याला बाया शंभर-शंभर रुपये भरत, सह्या करत, चहा पिऊन घरी जात. एकीने विचारलं, पासबुक दाखवा. झालं! ती भांडखोर ठरली. ‘हिला गट मोडायचाय’ इथपर्यंत बोलणं गेलं. खरं तर गट तिलाच हवा होता, म्हणून तर विचारत होती. जिला नको होता, ती कधीच यायची बंद झाली होती. सहा महिने लागले, पण पासबुक टेबलावर आलं आणि तीन बायकांची अडकलेली कर्जं मार्गी लागली.

फुटबॉलचा चिडलेला चाहता मला तिच्यासारखा दिसतो. तो वैतागून सोडून जात नाही, ‘पासबुक दाखवा’ म्हणतो. आणि त्याच्याकडे प्रेम कमी नाही, पैसाही कमी नाही. १३ डिसेंबर २०२५ ला मेस्सी कोलकात्याला आला तेव्हा हजारो रुपयांची तिकिटं काढून लोक गेले. त्याच्याभोवती पुढाऱ्यांचा आणि बड्या मंडळींचा असा गराडा पडला की लोकांना तो धड दिसलाच नाही. मग खुर्च्या तुटल्या. तोडफोडीचं समर्थन मी करणार नाही. पण आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेपेठेच्या तालमींच्या सामन्याला गर्दी उसळते, ती काही मेस्सीसाठी नसते. लोकांना आपली, रोज दिसणारी टीम हवी असते. ती नीट चालवली असती तर परक्या पाहुण्याला लांबून बघायला लोकांनी पगार उधळले नसते.

काय हवं ते सोपं आहे. लीग कुठल्या तारखेला सुरू होणार आणि संपणार, हे वर्षाच्या सुरुवातीला छापा, पुरुषांची आणि महिलांचीही. प्रशिक्षक नेमताना तो एकाच घरचा ठेवा. खेळाडूंचे पगार कुणी थकवले ते नावानिशी सांगा. मुलींच्या संघाला वर्षात किती सामने खेळवले, किती दिवस शिबिर झालं, प्रवासात त्यांच्यासोबत कोण जबाबदार बाई होती, हेही लिहा.

आमच्या शेजारच्या आजींना धाकट्याच्या रागाचं मोठं नवल. दिवाळीत तो आला तेव्हा त्याचं पडलेलं तोंड बघून त्यांनी विचारलं, ‘काय व्हयनं रे भाऊ?’ त्याने सगळं सांगितलं, सिंगापूरपासून लीगपर्यंत. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अडकित्ता खाली ठेवत विचारलं, मग त्या कारभाऱ्याला कुणी काही बोललं का नाही? त्यावर तो म्हणाला, ‘आम्ही बोलतो आजी, ऐकतंय कोण?’